पडत्या गडग्याचा पत्ता

मागच्या अंकात बिनचुन्याच्या दगडी कामांविषयी लिहिलं होतं. शेतांचे गडगे म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंती, उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी माती अडवणाऱ्या ताली, मेंढपाळांच्या आणि मळेवाल्यांच्या घुमटाकार झोपड्या, पाण्याच्या टाक्या, बर्फ साठवायच्या विहिरी: दगडावर दगड बसवून, सांध्यात चुना-सिमेंट काही न घालता उभं केलेलं हे सगळं लोकांनीच इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावर नोंदवायचं, असे उपक्रम काही देशांत चालतात. अशाच एका नोंदसंग्रहासाठी आलेल्या नोंदी तपासायचं काम मी घरबसल्या करते. पगार नाही, कटकट भरपूर. लेखावर बरीच पत्रं आली. सारख्या अर्थाची एकत्र केली आहेत आणि नुसती स्तुती करणारी बाजूला ठेवली आहेत.

प्रश्न: दगडांचे ढिगारे नोंदवून मिळणार काय? किल्ले, देवळं, राजवाडे सोडून शेतातल्या भिंतींच्या मागे लागणं हा मला रिकामपणाचा उद्योग वाटतो.

असेलही. रिकाम्या माणसांनीच तो अंगावर घेतला आहे, कारण ज्यांचं हे काम होतं त्यांना कधी वेळ झाला नाही.

किल्ले-राजवाड्यांचं मला विशेष वाटत नाही, आणि बिनचुन्याच्या कामातही बडी धेंडं आहेतच. आफ्रिकेतल्या ग्रेट झिम्बाब्वे या जुन्या शहराच्या उरलेल्या भिंती काही ठिकाणी ११ मीटर उंच आहेत, सांध्यात कशाचाही ठिपका नाही. १९८६ पासून त्या जागतिक वारसा यादीत आहेत. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरचा मूसाचा बुरूज सुमारे १३ मीटर उंच, साधारण दोन हजार वर्षांचा, तोही कोरडाच रचलेला. यांच्याकडे पाटी आहे, पर्यटक आहेत, कुणीतरी जबाबदार माणूस आहे. माझा जीव अडकतो तो नाव-गाव नसलेल्या कामांत.

स्पेनमधल्या कॅटलोनियाचं उदाहरण घ्या. तिथल्या डोंगरउतारांवर द्राक्षमळेवाल्यांनी झोपड्या रचल्या. पाऊस आला, ऊन चढलं, अवजारं ठेवायची झाली की आत शिरायचं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाच्या किडीनं युरोपभर द्राक्षवेलींची मुळं खाल्ली. मळे बसले, वरच्या उतारांवरची माणसं उतरून गेली आणि तालींवर पाइनची झाडं उगवली. झोपड्या राहिल्या, पण कुणाच्या दप्तरात त्यांची नोंद नव्हती. अशा जागेवरून वणवा अडवायला मोकळा पट्टा काढायचा ठरला किंवा रस्ता रुंद करायचा झाला, तर आखणी करणारा माणूस नकाशा उघडतो. नकाशात काही नसलं की तो यंत्र लावतो. त्याच्या मनात पाप नसतं. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

२०११ मध्ये कॅटलोनियाच्या भूदृश्य वेधशाळेनं आणि सिट्जेसच्या ‘ड्राक वेर्द’ या स्थानिक संस्थेनं मिळून ‘विकिपेद्रा’ हा खुला नोंदसंग्रह सुरू केला. आपापल्या गावच्या झोपड्या वर्षानुवर्षं वहीत टिपून ठेवणारे हौशी लोक तिथे आधीपासून होते. त्यांच्या वह्यांना एक जागा मिळाली. क्रोएशियात ‘ड्रागोदिद’ ही संस्था ‘सुहोझिद’ नावाचा असाच खुला नोंदसंग्रह चालवते.

युनेस्कोचं काय, असंही दोघांनी विचारलं आहे. २०१८ मध्ये युनेस्कोनं कोरड्या दगडी रचनेची कला अमूर्त वारसा म्हणून मान्य केली. क्रोएशिया, सायप्रस, फ्रान्स, ग्रीस, इटली, स्लोव्हेनिया, स्पेन आणि स्वित्झर्लंड अशा आठ देशांनी मिळून अर्ज केला होता. २०२४ मध्ये अँडोरा, ऑस्ट्रिया, बेल्जियम, आयर्लंड आणि लक्झेंबर्ग त्यात आले. पण मान ठेवला गेला तो रचणाऱ्याच्या हातातल्या कौशल्याचा. तुमच्या समोरच्या वळणावरचा, पोट सुटलेला गडगा त्या यादीत कुठेही नाही. तो निदान नकाशावर आणायचा तर कुणीतरी तिथे उभं राहून नोंद करायला हवी. एवढंच मिळतं. माझ्या मते पुष्कळ आहे.

प्रश्न: मी वास्तुकलेची विद्यार्थिनी आहे. अशा नोंदीत नेमकं काय लिहायचं? फॉर्ममध्ये रकाने खूप असतात आणि कुठला महत्त्वाचा ते कळत नाही.

हा प्रश्न विचारल्याबद्दल तुझं खास कौतुक, कारण बहुतेक जण न विचारताच लिहितात आणि मग मला निस्तरावं लागतं.

आमच्याकडे येणाऱ्या नोंदी दोन जातींच्या असतात. पहिली: ‘अप्रतिम जुनी झोपडी, शांत परिसर, नक्की भेट द्या!’ हिच्यावरून काहीही कळत नाही. दुसरी अशी: ‘दार आग्नेयेला. दारावरची आडवी शिळा मधोमध तडकलेली, पण जागेवर. आत डाव्या हाताला कोनाडा, त्याच्यावर काजळी. छताचा सर्वांत वरचा झाकणदगड आत पडून भिंतीला टेकलेला. उत्तरेकडून भिंत बाहेर फुगली आहे.’ चार ओळी, एकही विशेषण नाही. दहा वर्षांनी कुणी तिथे गेलं तर काय बदललं ते या चार ओळींवरून सांगता येईल. मला दुसऱ्या जातीच्या नोंदी हव्यात.

फोटोंपासून सुरुवात कर. एक लांबून, आजूबाजूची जमीन दिसेल असा. झोपडी कशासाठी होती हे बरेचदा जमीनच सांगते: शेजारी तालींच्या पायऱ्या आहेत, जनावरांचा गोठण आहे, की पाण्याची वाट. दुसरा दाराचा, अगदी समोरून, आणि त्यात मोजपट्टी किंवा काठी उभी असावी. माणूस उभा करू नकोस. माणसाची उंची कुणाला माहीत नसते आणि सगळं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे जातं. तिसरा फोटो सर्वांत मोलाचा आणि नेमका तोच लोक काढत नाहीत. आत जायचं, फोन जमिनीवर मधोमध उताणा ठेवायचा, टायमर लावायचा आणि बाहेर यायचं. छताची सगळी वर्तुळं एका चित्रात येतात. लाकडी साच्याचा आधार न घेता, प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा बोटभर-चारबोट आत सरकवत घुमट कसा मिटवला, एखादं कडं कुठे निसटलं, नंतर कुणी डागडुजी केली का, सगळं त्यात दिसतं. छत हलतं आहे अशी शंका आली तर मात्र आत पाऊल टाकायचं नाही. ‘आत गेले नाही’ अशी नोंद मी आनंदानं स्वीकारते.

मग मोजमाप. दारापाशी भिंतीची जाडी, आतली रुंदी दोन दिशांनी, आतली उंची, दाराची उंची-रुंदी. पट्टी नसेल तर पावलांनी मोज, पण ‘पावलांनी मोजलं’ असं लिही. अंदाजे मापाला अंदाजे म्हटलं की ते उपयोगी असतं. न म्हटलं की ते खोटं होतं.

भिंत असेल तर तिच्या तुटक्या टोकाकडे जा. पडझड बघवत नाही म्हणून लोक तिकडे पाठ फिरवतात, पण भिंतीचं पोट तिथेच उघडं पडलेलं असतं. चांगल्या गडग्याला दोन तोंडं असतात, एकमेकांकडे किंचित कललेली, म्हणून भिंत वर निमुळती होते. दोन तोंडांमधली पोकळी चिपांनी भरलेली असते. या चिपा मूठमूठ ओतायच्या नसतात, हातानं एकेक बसवायच्या असतात. ओतलेली भर खाली बसते आणि तोंडं बाहेर ढकलते. मधूनमधून या तोंडापासून त्या तोंडापर्यंत आरपार गेलेले लांब दगड असतात, ते दोन्ही बाजूंना धरून ठेवतात. सांध्यावर सांधा येत नाही: खालच्या दोन दगडांवर वरचा एक, असं पाहिजे. वरून खाली सरळ रेघ पळताना दिसली तर भिंत तिथे फुटणार, किंवा तिथे कधीतरी दार होतं आणि ते बुजवलं आहे. यातलं जे दिसेल ते लिही. नाही दिसलं तर रकाना रिकामा ठेव. रिकामा रकाना मला चालतो, भरायचा म्हणून भरलेला चालत नाही.

आणखी एक: जवळ राहणारी माणसं त्या वस्तूला काय म्हणतात ते विचार आणि ऐकलं तसंच लिही. दगडी झोपडीला क्रोएशियाच्या इस्त्रिया भागात ‘काझुन’ म्हणतात, तिथल्याच दाल्मेशियात ‘बुन्या’, इटलीतल्या पुलियात ‘त्रुल्लो’. फॉर्ममधला ठोकळेबाज प्रकार वेगळ्या रकान्यात जाईल, ती काळजी आमची.

प्रश्न: क्रोएशियात सुट्टीवर गेलो होतो तेव्हा एक दगडी झोपडी नोंदवली. ‘ठिकाण तपासा’ असा शेरा मारून नोंद परत पाठवण्यात आली. मी फोनवरूनच आकडे घेतले होते, चुकतील कसे?

फोन चुकला नसेल, आकडे लिहिताना अदलाबदल झाली असेल. स्प्लिट शहर साधारण ४३.५ उत्तर अक्षांश आणि १६.४ पूर्व रेखांशावर आहे. हे दोन आकडे उलटे लिहिले की तुमची झोपडी येमेनमध्ये जाते. काही पद्धतींत अक्षांश आधी असतो, काहींत रेखांश, त्यामुळे हे रोजचं आहे. तुमची समुद्रातही पडलेली नाही, म्हणून तुम्हाला संशय आला नाही.

दुसरी नेहमीची गफलत अंश-मिनिटांची. ४३ अंश ३० मिनिटं म्हणजे ४३.५, कारण अंशाची मिनिटं ६० असतात. ती ४३.३० अशी लिहिली तर झोपडी सुमारे २२ किलोमीटर दक्षिणेला सरकते. दशांशचिन्हानंतर पाच आकडे द्या, म्हणजे जेमतेम मीटरभराची बारकाई येते. फोनवर दहा-बारा आकडे दिसतात म्हणून तितके उतरवू नका. उघड्या आकाशाखाली फोनची अचूकता चार-पाच मीटरची, दाट झाडीत किंवा कड्याला लागून त्याहून वाईट. पोहोचल्या पोहोचल्या आकडा घेऊ नका, थोडं थांबा. उंची फोनवरून घेऊच नका. उपग्रहांवरून उंची काढण्यात चूक जास्त राहते आणि ती आम्ही भूभागाच्या नकाशावरून काढतो.

आणि फोटो मूळ फाइलच पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या फोटोतली ठिकाणाची माहिती गळून जाते, आणि आमच्याकडे पडताळायला तेवढाच दुवा असतो.

प्रश्न: वय कसं ओळखायचं? मला दिसलेली भिंत नक्कीच हजार वर्षांची असणार.

‘नक्कीच’ कशावरून?

बिनचुन्याच्या कामाचं वय नजरेनं सांगणं जवळजवळ अशक्य आहे, आणि या विषयात शहाण्यासुरत्या माणसांची सर्वांत जास्त फजिती इथेच झाली आहे. तंत्र शतकानुशतकं तेच. दगड तोच, त्याच शेतातला. चुना असता तर त्यातल्या कोळशाच्या कणांवरून काही काळ काढता आला असता, तोही नाही. दगडावरची शेवाळी-दगडफुलं बघून लोक शतकं मोजतात, पण जुना दगड उचलून काल रचलेल्या भिंतीत घातला तरी दगडफूल त्याच्यासोबत येतंच.

फ्रान्समधल्या प्रोव्हान्समध्ये ‘बोरी’ नावाच्या झोपड्या आहेत. एकेकाळी त्या थेट केल्टिक लोकांच्या म्हणून दाखवल्या जात. नंतर अभ्यास झाला तेव्हा बहुतेक गेल्या तीन-चारशे वर्षांतल्या निघाल्या. आयर्लंडमधलं गॅलरसचं प्रार्थनाघर उलटवलेल्या होडीसारखं दिसतं, फोटो तुम्ही पाहिला असेल. ते आठव्या शतकाच्या आसपासचं की बाराव्या, यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. जिथे इतकी कुदळ-फावडी आणि पुस्तकं खर्ची पडली तिथे ही स्थिती, तर तुमच्या-माझ्या नजरेचा काय पाड?

त्यातून भिंतीला एकच वय असतं हे गृहीतच लंगडं आहे. क्रोएशियातल्या ह्वार बेटावर स्तारी ग्रादचं मैदान आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक वसाहतकारांनी तिथे जमिनीचे नेमके चौकोन पाडले आणि गडगे घातले. आजही द्राक्षं आणि ऑलिव्ह बऱ्याच अंशी त्याच चौकोनांत पिकतात. २००८ मध्ये ते मैदान जागतिक वारसा यादीत गेलं. तिथला गडगा पडतो आणि शेतकरी तो त्याच रेषेवर पुन्हा रचतो. रेषा २४०० वर्षांची, वरचा थर गेल्या पावसाळ्यानंतरचा. आता वयाच्या रकान्यात काय लिहाल?

दाराच्या शिळेवर साल कोरलेलं असेल तर त्याचा जवळून फोटो काढा आणि ‘शिळेवर अमुक साल कोरलं आहे’ इतकंच लिहा. ‘अमुक साली बांधलं’ असं नको. शिळाही दुसरीकडून आणता येते. एखाद्या वृद्ध माणसानं ‘माझ्या आजोबांनी रचलं’ असं सांगितलं तर ते ‘सांगितलं’ म्हणून नोंदवा. बाकी सर्वांसाठी आमच्या फॉर्ममध्ये ‘अनिश्चित’ असा पर्याय आहे आणि तो निवडणाऱ्याबद्दल माझं मत आपोआप चांगलं होतं.

प्रश्न: आता उपग्रहाची छायाचित्रं आहेत, लायडार आहे, संगणक चेहरे ओळखतो. मग माणसांनी रानोमाळ भटकून बिंदू कशाला टिपायचे? आणि भिंत तर लांबलचक असते, तिचा बिंदू ठेवायचा तरी कुठे?

दुसरा प्रश्न आधी घेते, तो जास्त चांगला आहे. झोपडीला बिंदू पुरतो. गडग्याला रेषा लागते. तालींच्या अख्ख्या डोंगराला क्षेत्र आखावं लागतं. क्रोएशियाच्या किनाऱ्याजवळ बाल्येनात्स नावाचं चिमुकलं बेट आहे, क्षेत्रफळ अवघं ०.१४ चौरस किलोमीटर, आणि त्यावर सुमारे २३ किलोमीटर गडगे. वरून बघितलं तर अंगठ्याचा ठसा. तिथे बिंदू ठेवणं म्हणजे काहीच न ठेवणं. ज्या नोंदसंग्रहात रेषा काढायची सोय नाही, तिथे गडग्याच्या दोन्ही टोकांचे आकडे वर्णनात लिहा. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या खुल्या नकाशावर मात्र रेषा काढता येते आणि भिंतीचा प्रकार ‘ड्राय स्टोन’ असा वेगळा देता येतो. तिथे काम कराल तर गूगलच्या नकाशावरून आकडे उचलू नका. परवान्यात बसत नाही, आणि तशी नोंद सापडली की काढून टाकली जाते.

आता लायडारबद्दल. विमानातून लेझरचे झोत सोडायचे, ते परत यायला लागलेल्या वेळेवरून जमिनीचा उंचसखलपणा काढायचा. काही झोत पानांच्या फटींतून खाली पोहोचतात, म्हणून हिशेबातून झाडी वजा करता येते आणि जंगलाखालची भिंत उघडी पडते. भिंतींच्या बाबतीत मी या तंत्रापुढे हात टेकते. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागानं त्यावर लोकांसाठी नकाशाच उघडला आहे. घरी बसून, सावल्यांच्या त्या करड्या चित्रावर दगडी भिंतींच्या रेषा गिरवत जायचं. त्या प्रदेशात गरजही तशीच आहे. न्यू इंग्लंड, म्हणजे न्यू हॅम्पशायर धरून अमेरिकेचा ईशान्य कोपरा, आणि आसपासच्या भागात मिळून २,४०,००० मैल दगडी भिंती असाव्यात असा अंदाज ऑलिव्हर बोल्स या खाणतज्ज्ञानं १९३९ मध्ये मांडला होता. शेती बंद पडून तिथे रान परत आलं आणि बऱ्याच भिंती आता झाडांखाली आहेत. इतकं अंतर पायी कोण फिरणार?

पण लायडारला दिसतो तो उंचवटा. तो रचलेला आहे की शेतातले दगड वेचून कडेला टाकलेला ढीग आहे, आतला कोनाडा काजळलेला आहे का, सांध्यांत कुणी सिमेंट कोंबलं आहे का, हे त्याला कळत नाही. कोसळलेली झोपडी आणि मातीचा उंचवटा यांत त्याची हमखास गल्लत होते. म्हणून चांगली पद्धत अशी की आधी टेबलावर संशयित जागा काढायच्या आणि मग त्या बघायला चालत जायचं. चालणं कमी होतं, संपत नाही.

प्रश्न: सगळ्या जगाला पत्ता दिला तर चोरांचंही फावणार नाही का? शिवाय दुसऱ्याच्या शेतातली वस्तू त्याला न विचारता नोंदवायची, हे मला पटत नाही.

भीती खरी आहे. वारा-पाऊस खाऊन रंगलेल्या दगडाला बागा सजवणाऱ्यांकडून भाव मिळतो, आणि इंग्लंडमध्ये यॉर्कशायरसारख्या भागांत गडग्यांचे दगड चोरीला गेल्याच्या तक्रारी पोलिसांत गेल्या आहेत. मात्र चोराला नकाशा लागतोच असं नाही. रस्त्याकडेचा गडगा आणि मागे लावता येईल असं वाहन, एवढं त्याला बास. नोंद आणि जुना फोटो असला तर निदान ‘इथे भिंत होती’ हे तरी सिद्ध करता येतं.

तरी तारतम्य हवंच. कोरीव शिळा, जुनी भांडी, घरटी असलेली जागा अशा ठिकाणी आम्ही जाहीर नकाशावर दशांशानंतर दोनच आकडे दाखवतो. ठिकाण किलोमीटरभराच्या घोळात राहतं आणि खरा आकडा तपासनिसांपाशी. तुम्हाला गरज वाटली तर नोंद पाठवताना तसं कळवा.

मालकाबद्दल तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. कुंपण ओलांडून आत जायचं नाही. पायवाटेवरून जे दिसतं त्याची नोंद करता येते, पण मालक भेटला तर विचारा. मालकाचं नाव, घराचा फोटो, गाडीचा नंबर नोंदीत येता कामा नये. विचारण्यात एक फायदाही आहे. ‘ही एक काय बघता, माझ्या मागच्या उतारावर आणखी आहेत’ असं म्हणणारे मालक मला नोंदींतून बरेच भेटले आहेत.

प्रश्न: पडका गडगा दिसला की हात शिवशिवतात. सिमेंट घालून पक्का केला तर पुण्यच लागेल ना?

कृपा करून नको. तुमचा उत्साह मी समजू शकते, पण ही मदत गडग्याच्या जिवावर उठते.

कोरड्या भिंतीची ताकद तिच्या फटींत आहे. उतारावरच्या तालीमागे माती असते, मातीत पावसाचं पाणी मुरतं आणि दगडांमधल्या असंख्य फटींतून ते झिरपून निघून जातं. सांधे सिमेंटनं बंद केले की पाणी भिंतीमागे तुंबतं. आधी फक्त मातीचा भार होता, आता पाण्याचा दाबही आला. भिंत फुगते आणि एके दिवशी सगळीच्या सगळी खाली येते. कोरडी भिंत सहसा तशी येत नाही. ती थोडी बसते, एखाद्या जागी पोट काढते, चार हातांचा तुकडा टाकते. शेतकऱ्याला इशारा मिळतो, तो तेवढाच तुकडा उतरवून पुन्हा रचतो. सिमेंटची भिंत अशी आगाऊ सूचना क्वचितच देते. शिवाय पाली, सरडे, गोगलगायी यांचं घरदार जातं ते वेगळंच.

इटलीच्या किनाऱ्यावरचा चिंक्वे तेर्रे हा भाग तालींवरच उभा आहे आणि १९९७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथे २५ ऑक्टोबर २०११ च्या अतिवृष्टीत डोंगराचा चिखल आणि दगडधोंडे व्हेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो या गावांत घुसले. पाऊसच भयंकर होता, त्याचं सगळं खापर भिंतींवर फोडता येणार नाही. पण निगा न राखलेली ताल अशा पावसात तग धरत नाही आणि आपल्याबरोबर खालच्या तालीही घेऊन जाते, हे त्या भागात पोराटोरांना ठाऊक आहे. म्हणून आमच्या फॉर्ममधला ‘स्थिती’चा रकाना मला सर्वांत प्रिय आहे. कुठली ताल पोट काढते आहे हे वेळेत कळलं तर तुकडा रचून भागतं.

हात शिवशिवतच असतील तर रचायला शिका. अनेक देशांत कारागिरांच्या संघटना शनिवार-रविवारच्या कार्यशाळा घेतात. क्रोएशियातल्या ड्रागोदिदचा जन्मही विस बेटावरच्या अशाच एका कार्यशाळेतून झाला, २००२ मध्ये. शिकेपर्यंत पडलेले दगड उचलून ‘नीट’ रचून ठेवू नका. ते जिथे पडले आहेत त्यावरून भिंत कशी पडली ते कळतं.

प्रश्न: सिमेंट लावलेली भिंत नोंदवायची की नाही?

नोंदवायची. सिमेंट कुठून कुठपर्यंत लावलं आहे ते लिहायचं.

प्रश्न: पूर्वी नोंदवलेली झोपडी बघायला गेले तर तिथे सपाट जमीन. दगडही उचलून नेलेले. आता ती नोंद काढून टाकू का? नकाशावर नसलेली वस्तू दाखवणं म्हणजे लोकांना फसवणं वाटतं.

काढू नका. तुम्हाला तो अधिकार असला तरी नाही. नोंदीची स्थिती ‘नष्ट’ अशी बदला, तुम्ही गेलात ती तारीख घाला आणि सपाट जमिनीचा फोटो जोडा. जुन्या फोटोत मागे जो डोंगर किंवा जे झाड दिसतं तेच या फोटोत येईल अशा जागी उभ्या राहा, नाहीतर जागा चुकल्याची शंका घेऊन मीच तुमची नोंद परत पाठवीन. नकाशावर तो बिंदू आता करड्या रंगात दिसेल, फसवणुकीचा प्रश्न येत नाही.

एका भागात किती झोपड्या गेल्या आणि कशापायी, हे या करड्या बिंदूंवरूनच काढता येतं. पुसलेल्या नोंदीवरून काहीच काढता येत नाही. कारण माहीत असेल तर तेही घाला: रस्ता, वणवा, यंत्रानं सपाटीकरण, नुसतीच निगा गेली. माहीत नसेल तर अर्थातच ‘अनिश्चित’. आणि दगड कुठे गेले ते कळलं, समजा पलीकडच्या बंगल्याच्या नव्या कुंपणात दिसले, तर ते जाहीर वर्णनात न लिहिता तपासनिसासाठीच्या खासगी रकान्यात लिहा. तिथून पुढचं आम्ही बघतो.